डिंक लागलेली शाल

जनावरं नटूनथटून एकमेकांच्या लग्नाला जात, त्या काळातली ही गोष्ट. मुंगसिणीनं शेजारच्या सशीणकाकूंची रेशमी शाल लग्नापुरती मागून नेली. परतताना ती बाभळीला टेकली आणि शालीला डिंकाचा गोळा चिकटला.

आता काकूंना काय तोंड दाखवायचं? तिनं दार लावून डिंक नखांनी खरवडला, दातांनी ओढला. डिंक तसाच राहिला, शालीला मात्र भोक पडलं.

काकूंनी दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा तिनं "शाल वाळत घातलीय" म्हणून थाप मारली. शेवटी काकूच दारात आल्या, तेव्हा तिनं मान खाली घालून शाल पुढे केली.

काकूंनी कोमट पाणी मागितलं आणि डाग त्यात भिजत ठेवला. थोड्या वेळानं डिंक विरघळून बोटानंच निघून आला.

"एवढंच होतं?" मुंगसीण पुटपुटली.

"डिंकाचं एवढंच होतं गं," काकू म्हणाल्या. "त्याच दिवशी यायचंस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुंगसिणीला वाटलं. पण काकूंनी भोक आत झाकलं जाईल अशी शालीची घडी घातली आणि त्या घरी गेल्या.