येसबा भोयाचा हिसका

“बाबा, माझा हिसका कधी जाणार?”

येसबा भोयाने बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि विचारलं. आज सकाळीही सांबर निघून गेलं होतं आणि जांभळाची पानं तेवढी खाली पडली होती.

कासमबाबा हसले. “पानं मात्र चांगली टिपतोस.”

येसबाला ते झोंबलं. तसा तो काही ऐरागैरा नव्हता. उभा जन्म त्याने गळ टाकण्यात घालवला होता. संस्थानच्या मुदपाकखान्यात शिजणारा प्रत्येक मोठा मासा त्याच्याच गळाला लागलेला असे. मासा आमिषाला तोंड लावतो न लावतो तोच येसबाचा हात हिसका मारून वर उसळायचा. त्या हिसक्यावरच त्याचं नाव झालं होतं.

आता तोच हिसका त्याला नडत होता. सांबर दिसलं की हात उसळायचा, नळी वर जायची आणि गोळी झाडात शिरायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती अशी.

“पण मासेवाल्याला बंदूक हवी कशाला?” बाबांनी विचारलं.

येसबाने बंदूक मांडीवरून खाली ठेवली. मग एकदाचं बोलला.

“चैत्रात डोहातला म्हातारा मासा लागला होता, बाबा. सरकार काठावर बसून बघत होते. दुपार कलेपर्यंत झुंजला... आणि दोरा तोडून गेला. सरकार हसले. म्हणाले, मासे बायकापोरंबी धरतात. दसऱ्याला सांबराची शिंगं आण, शिकारखान्यात घेतो. न्हाईतर मुदपाकखान्यात भांडी घास.”

“हं.”

“बंदुकीचं बरं असतं. मधी दोराच न्हाई, तर तुटंल काय?”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

कासमबाबा एके काळी संस्थानचे मोठे शिकारी होते. त्यांचा नेम चुकलेला कोणी पाहिला नव्हता. एक दिवस त्यांनी बंदूक परत केली, अंगावर कफनी घातली आणि या पाणवठ्याशी येऊन राहिले. झोपडीत शिंग नव्हतं की कातडं नव्हतं. बसल्या बसल्या ते उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत धरून ठेवत, लहान मुलाचं बोट धरावं तशी.

“गळाचा दोरा आहे तुझ्याकडे?”

“हाय की.”

“उद्या घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताना बाबांनी दोऱ्याचं एक टोक पाणवठ्यावरच्या कोवळ्या आवळीला बांधलं. दोरा गवतातून झोपडीजवळच्या झुडपात, लपून बसायच्या दडणीपर्यंत आणला आणि दुसरं टोक येसबाच्या उजव्या तर्जनीला बांधलं. चाप याच बोटाने ओढायचा होता.

“हिसका मारलास की आवळी हलेल. आवळी हलली की जनावर पळेल. बोट शांत राहिलं तर जनावरही राहील. मग सावकाश चाप ओढ.”

येसबाला हसू आलं. मासे सोडून आलो, तर या म्हाताऱ्याने पुन्हा दोराच हाती दिला! पण गुरू केला होता, करतो काय?

सांबर आलं. बोट उसळलं, आवळी थरथरली आणि सांबर धुक्यात विरघळून गेलं. पुढच्या सकाळीही तसंच झालं.

मग हळूहळू सकाळी एकमेकींत मिसळत गेल्या. धुकं पाण्यावरून उठायचं आणि दडणीत येऊन बसायचं. कधी येसबाला वाटायचं, आपण डोहाकाठीच आहोत आणि हे समोरचं सगळं रान पाण्याखाली बुडालंय. झाडं शेवाळासारखी हलायची. सांबरं पोहत यायची, पोहत जायची. त्याला भीती वाटत नव्हती. उलट फार बरं वाटत होतं, आणि शिंगांची आठवण आली की तेवढंच वाईट वाटत होतं.

बोट निवत गेलं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मोठं सांबर आलं. शिंगं धुक्याच्याही वर निघाली होती. येसबाने नळी रोखली. बोट चापावर होतं, पण हललं नाही. आवळी हलली नाही.

सांबर पाणी प्यालं. मग आवळीपाशी गेलं आणि मान खाली घालून खोडावर शिंगं घासू लागलं.

दोरा थरथरला... त्या टोकाकडून.

 इतके दिवस दोऱ्यातून फक्त त्याचाच हात तिकडे जात होता. आज कोणीतरी इकडे येत होतं. खर्रर्र... मग थांबलेलं. पुन्हा खर्रर्र... पुन्हा थांबलेलं. मध्येच दम खाणारं. ही चाल त्याच्या हाताला ओळखीची होती. चैत्रातल्या त्या दुपारी तो म्हातारा मासाही असाच दम खात होता.

त्याच्या नकळत त्याचा हात पुढे सरकला आणि त्याने दोऱ्याला ढील दिली.

सांबराचं घासून झालं. ते पाणवठ्यावरून सावकाश वर गेलं आणि दिसेनासं झालं.

बाबा झोपडीबाहेर बसले होते. येसबा समोर येऊन बसला. दोरा अजून बोटाला होता आणि मागे गवतात पार पाणवठ्यापर्यंत पडला होता.

“आलं?”

“आलं.”

“हिसका?”

“न्हाई मारला.” येसबाने बोट पुढे केलं. “हिसका गेला, बाबा.”

“मग गोळी?”

येसबा बोटावरचा दोरा चाचपू लागला.

“येसबा?”

“म्हातारं हाय ते,” येसबा म्हणाला. “उजव्या अंगाला दुखतंय त्याच्या. त्या बाजूला हलकं घासतंय... दम पुरत न्हाई. दोऱ्यातनं सगळं कळलं, बाबा. बोटाला सगळं कळलं.”

बाबांनी डोळे मिटले होते. त्यांची तर्जनी मुठीत घट्ट आवळलेली होती.

“उद्या दसरा,” ते म्हणाले.

“व्हय.”

“ते आज संध्याकाळी पुन्हा पाण्यावर येईल. शिंगं हवीत ना तुला?”

येसबाच्या डोळ्यांपुढे सरकारांचं हसू आलं. मुदपाकखान्यातली करपलेली पातेली आली.

“हवीत,” तो म्हणाला. मग बोटाकडे बघत राहिला. “पण हे बोट चाप ओढंना, बाबा. काय करू?”

 धुकं उतरत होतं.

बाबांनी कफनीतून चाकू काढला, मूठ येसबाकडे केली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

“दोरा काप, मग बोट चाप ओढेल... मला फार सोपं गेलं होतं. म्हणून आता हे बोट धरून बसतो.”