घडी घातलेली घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, माणसे घाट पायी चढायची आणि ओझी बैलांच्या पाठीवरून जायची, तेव्हाची ही गोष्ट. एक व्यापारी दर हिवाळ्यात समुद्रकाठचे मीठ घेऊन घाटमाथ्यावर यायचा. माणूस सज्जन होता, फक्त विचार जरा जास्त करायचा.

घाटमाथ्यावर एक धर्मशाळा होती. तिच्या पायऱ्यांवर मुले भीक मागत बसायची. व्यापाऱ्याला अख्खा घाट सोपा वाटे आणि त्या चार पायऱ्या अवघड. द्यावे, तर वाटे की आपणच या लेकरांना हात पसरायची सवय लावतो आहोत. न द्यावे, तर घास घशाखाली उतरत नसे. दिले तरी तो स्वतःवर चिडायचा आणि नाही दिले तरी स्वतःवरच.

एका वर्षी थंडी कडाक्याची पडली. पायरीवर येसू नावाची एक चिमुरडी फाटक्या परकरात कुडकुडत बसली होती. खोकल्याने तिचा जीव हैराण झाला होता. या खेपेस व्यापारी विचार करत बसला नाही. त्याने आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि तिच्या अंगावर घातली. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

सकाळी बाहेर येऊन पाहतो, तर येसू तशीच उघडी, तशीच कुडकुडत बसलेली. व्यापाऱ्याचे डोकेच फिरले.

"घोंगडी विकलीस ना?" त्याने दरडावून विचारले.

"न्हाई."

"मग कुणी हिसकावली?"

"न्हाई, काका." येसूने धर्मशाळेच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट दाखवले. तिथे घोंगडी नीट घडी घालून ठेवली होती.

"अगं, मग पांघरत का नाहीस? खोकून खोकून मरशील अशानं."

"काल पांघरली हुती," येसू खाली मान घालून म्हणाली. "तुमी आत गेला, मग दुसरी मान्सं आली. मला बघून म्हनाली, हिला काय कमी हाय? आन् गेली पुढं. माजा भाऊ उपाशीच झोपला."

व्यापारी तिच्याशेजारी पायरीवर बसला. त्याचा राग गेला आणि त्या जागी लाज आली. काल आपण आलो तेव्हाच ही पोर घोंगडी पांघरून बसलेली असती, तर आपण तरी थांबलो असतो का? उत्तर त्याला ठाऊक होते, आणि ते चांगले नव्हते.

धर्मशाळेचा म्हातारा राखणदार हे सारे ऐकत होता. तो म्हणाला, "शेटजी, इथं येणारे सगळे पायरीवरच देतात. मग आत जातात आणि वारा लागतो म्हणून दार लावून घेतात."

सोबतचे लोक बैलांवर ओझी लादून खोळंबले होते, पण व्यापारी हलला नाही. त्याने मिठाचे एक पोते खालच्या गावात देऊन धान्य आणले आणि धर्मशाळेत चूल पेटवून मोठा हंडा चढवला. येणाऱ्याजाणाऱ्याने मूठमूठ धान्य त्यात घालावे आणि मुलांना आत बसवून जेवू घालावे, असे त्याने राखणदाराला सांगितले.

"आणि पोरांनी असेल ते अंगभर पांघरून यायचं," तो म्हणाला.

ते ऐकून एक सोबती हसला. "घोंगडी पांघरलेल्या पोरांना कोण भीक घालणार?"

"कुणीच नाही," व्यापारी म्हणाला. "म्हणून तर भीक नको, जेवण द्या."

पुढच्या हिवाळ्यात तो परत आला, तेव्हा पायऱ्या रिकाम्या होत्या. येसूचा खोकला आठवून त्याने घाईघाईने दार ढकलले.

आत मुले पंगतीला बसली होती. चुलीजवळ येसू बसली होती, अंगावर घोंगडी आणि घोंगडीत धाकटा भाऊ. खोकला पार गेला होता. तिने वर पाहिले. तिने हात पुढे केला नाही, ती फक्त थोडी सरकली.

"बसा की, काका," ती म्हणाली. "हितं ऊब हाय."

तात्पर्य: असे द्यावे, की घेणाऱ्याला पुन्हा दीनवाणे दिसावे लागू नये.