तळ बघून येतो

"मग माझ्यात कमी काय आहे, तात्या?"

हर्षदाने हे तिसऱ्यांदा विचारलं. राज्य स्पर्धेत चार सुवर्णपदकं मिळवलेली मुलगी. तिला नकार ऐकायची सवय कुठून असणार? पण खांदा गेला आणि स्पर्धा संपल्या. आता निदान शिकवायला तरी मिळावं, म्हणून ती आपल्या पहिल्या गुरूच्या विहिरीवर परत आली होती.

दौलततात्या चाळीस वर्षं याच विहिरीत, पोरांच्या पाठीला डबे बांधून, त्यांना पोहायला शिकवत होते. आता सत्तरी उलटली. उद्यापासून त्यांची शिट्टी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात जायची होती.

"बोला ना, तात्या."

"थांब जरा. तळ बघून येतो."

"पोरं गेली की सगळी! मी मोजली."

"मीबी मोजली." तात्यांनी सदरा काढला. "रोज मोजतो. आन् रोज बघून येतो."

त्यांनी हिरव्या पाण्यात सूर मारला.

हर्षदाचा अंगठा आपोआप गळ्यातल्या स्टॉपवॉचवर गेला. इतक्या वर्षांची खोड, दुसरं काय!

वीस सेकंद... चाळीस...

पाण्याबाहेर एक हात आला. पाचही बोटं ताठ. क्षणभर थांबला आणि खाली गेला.

हर्षदा हसली. म्हाताऱ्याची मस्ती अजून जिरली नाही, असं तिला वाटलं.

"शाब्बास, तात्या!"

साठ... सत्तर...

तात्यांची बोटं कडेच्या पायरीला टेकली. तिने बटण दाबलं.

तात्या वर आले ते खोकतच. ओठ निळे पडलेले. उजव्या पोटरीचा पार दगड झालेला.

"गोळा आला..." एवढंच ते बोलले.

हर्षदा पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ आली.

"म्हणजे तो हात... तात्या, तो हात..."

तात्या पोटरी चोळत राहिले.

"मी इथंच उभी होते! चार हातांवर! आणि मी... मी शाब्बास म्हणाले!"

बुडणारा माणूस ओरडेल, हातपाय आपटेल, असं ती आजवर धरून चालली होती. इथे तर साधा आवाजही झाला नव्हता.

"किती झालं?" तात्यांनी विचारलं.

"काय?"

"घड्याळात."

तिला वर बघवेना.

"एक मिनिट... अकरा सेकंद."

तात्यांनी मान डोलावली.

"नको मला ती शिट्टी. दुसरं कुणी बघा, तात्या... पोरांच्या जिवाशी खेळ नको."

तिचा अंगठा तो आकडा पुसायला बटणाकडे गेला.

तात्यांनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने आपल्या गळ्यातली ओली शिट्टी काढली आणि तिच्या गळ्यात घातली.

"सहाला ये," ते म्हणाले. "आन् ते घड्याळ शून्यावर आणू नको."