इनामदारांचा शेवटचा टाका

वारलेल्या इनामदारांची छबी त्यांच्या नातवाच्या लग्नाच्या शालीवर हवी होती. भरतकाम करणाऱ्या सुगंधानं मशीनला त्यांच्या फोटोचा पेनड्राइव्ह लावला. वीज नव्हती, तरी स्क्रीन उजळली. हयातीत कुणाचा नकार न ऐकलेले इनामदार फोटोतल्या खुर्चीवरून बोलले.

"काढ मला शालीवर. नातू ती पांघरेल आणि मी कायमचा त्याच्या अंगात राहीन."

सुगंधा म्हणाली,

"सरकार, मशीन नुसत्या फोटोवरून भरत नाही. टाक्यांची फाइल लागते. तिच्यात शेवटचा टाका कुठला, हे लिहावंच लागतं. तिथं दोरा कापला जातो. तुमचा शेवट कुठं लिहू?"

स्क्रीन विझली.

वीज आल्यावर तिनं फोटो पुन्हा उघडला. खुर्ची रिकामी होती.