बकुळचं घर आणि उंबरपरी

ढगांना जिथं डोंगराच्या मांडीवर झोपायला आवडतं, तिथं धुकेवाडी नावाचं एक हिरवंगार गाव होतं. त्या गावाच्या टोकाला मातीचं एक चिमुकलं घर होतं. त्यात बकुळ आणि तिचे बाबा, केरबा, अशी दोघंच राहायची. बकुळ अगदी तान्ही असतानाच तिची आई गेली होती.

केरबा बांबूच्या टोपल्या विणायचे. त्यांच्या हातात अशी काही कला होती, की त्यांच्या टोपलीत ठेवलेली फुलंसुद्धा जास्त ताजी दिसायची. पण धुकेवाडीचं ते पांढरं, ओलं धुकं केरबांच्या छातीत जाऊन बसलं होतं. दोन काड्या विणल्या की त्यांना खोकल्याची उबळ यायची. मग टोपली अर्धीच राहायची आणि चूलसुद्धा कधीकधी थंड राहायची.

एक दिवस वैद्यबुवा आले. त्यांनी केरबांची नाडी पाहिली आणि ते म्हणाले, "केरबा, औषधानं आता भागायचं नाही. पावसाळ्याआधी समुद्राकाठी राहायला जा. तिथलं ऊन आणि खारा वारा तुला बरं करेल."

"पण बुवा, तिथं राहायचं कुठं?" केरबा म्हणाले. "माझ्याकडे हे एवढं घरच आहे."

"मग हे विकून तिथं दुसरं घे," वैद्यबुवा हळूच म्हणाले.

बकुळनं घराच्या भिंतीला गाल लावला. भिंत थंडगार होती. तिचे डोळे भरून आले, पण बाबांच्या खोकल्याचा आवाज आला आणि तिनं ते ओढणीला पुसून टाकले.

घर विकायचंय हे गावभर झालं. दुसऱ्याच दिवशी झुलत्या पालखीतून भुजंगराव आले. त्यांच्या अंगावर जरीची शाल होती आणि बोलणं साखरेसारखं गोड. त्यांनी घरात डोकावून नाक मुरडलं.

"अरे केरबा, हे कसलं घर? हा तर मातीचा ढीग! तरी तुझी दया येते म्हणून एक पोतं तांदूळ आणि एक घोंगडी देतो. बोल पटकन. मी काही पुन्हा यायचा नाही."

केरबा गोंधळले. आपल्या घराची किंमत काय, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? ते "बरं" म्हणणार, इतक्यात बकुळ म्हणाली, "काका, आम्हाला जरा विचार करू द्या ना."

भुजंगराव हसले आणि पालखीत बसून निघून गेले.

त्या दुपारी बकुळ बांबूच्या पट्ट्या आणायला रानात गेली. ऊन पानांतून झिरपून खाली पडत होतं, सोनेरी, पोपटी, लिंबाच्या रंगाचं. एका जुन्या उंबराच्या झाडाखाली तिला एक इवलंसं घरटं पडलेलं दिसलं. शिंपी पक्ष्यानं पानं शिवून केलेलं ते घरटं वाऱ्यानं फाटलं होतं. आत तीन पिल्लं चिवचिव करत होती.

"अगं बाई! तुमचं घर पडलं?" बकुळ म्हणाली. तिनं आपल्याकडची सगळ्यात मऊ पट्टी घेतली, घरटं हलकेच बांधलं आणि झाडावर चढून फांदीच्या बेचक्यात नीट बसवलं.

तोच उंबराच्या खोडावर काहीतरी लुकलुकलं. उंबराचं फूल कधीच कुणाला दिसत नाही ना? पण बकुळला दिसलं! गुलाबी, मोतिया, चांदणीएवढं. ते पाकळी पाकळीनं उमललं आणि त्यातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. तिचे पंख केशरी काचेसारखे चमचमत होते आणि पायांत दवबिंदूंची पैंजणं होती.

"मी उंबरपरी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "जगातली सगळी घरं मी सांभाळते. पाखरांची, मुंग्यांची, माणसांची. तू आज एक घर वाचवलंस. माग, तीन इच्छा माग!"

"माझ्या बाबांना बरं कर ना, परीताई!"

परीचा चेहरा हळवा झाला. "ते मला येत नाही गं, राणी. मला फक्त घरांमधलं कळतं. इच्छाही घराबद्दलचीच हवी. अर्धी जादू माझी, अर्धे कष्ट तुझे. आणि हो, घरातली खोट लपवायची इच्छा मागितलीस, तर त्याच क्षणी मी निघून जाईन. चालेल?"

बकुळनं मान डोलावली. मग ती म्हणाली, "आमच्या घराची खरी किंमत काय, ते मला कळू दे."

परीनं तिच्या कानांवर फुंकर मारली. "जा, घरांना विचार."

बकुळ गावात आली आणि काय आश्चर्य! घरं बोलत होती. लाल दाराचं घर खाकरून म्हणालं, "मी सुगीच्या दिवसांत विकलो गेलो. दोन दुभत्या गाई मिळाल्या. पण मी तुझ्या घराहून एका खोलीनं मोठा आहे हं!"

वळणावरचं बुटकं घर पुटपुटलं, "मला एकच गाय मिळाली. माझी विहीर लांब आहे ना! पाणी आणता आणता माणसं दमतात."

बकुळ दारोदार फिरली. नुकतीच विकली गेलेली, आपल्याएवढी, आपल्यासारखी घरं तिनं शोधली. कुणाचं अंगण मोठं, कुणाची विहीर जवळ, कुणाचं छप्पर जुनं. सगळ्यांचं ऐकून ती धावत घरी आली.

"बाबा, आपली विहीर तर दारातच आहे! आपलं घर एक दुभती गाय आणि वर एका वासराच्या मोलाचं आहे. तांदळाच्या पोत्याचं नाही!"

केरबांनी तिला जवळ घेतलं. कितीतरी दिवसांनी ते हसले.

दुसऱ्या दिवशी बकुळनं उंबराखाली जाऊन विचारलं, "परीताई, एवढं मोल असून भुजंगकाकांनी नाक का मुरडलं? त्यांना आमचं घर कसं दिसलं, ते मला दिसू दे."

"फार शहाणी इच्छा आहे," परी म्हणाली आणि तिनं बकुळच्या पापण्यांना चंदेरी धूळ लावली. "हे पाहुण्याचे डोळे."

बकुळ घरी आली आणि उंबऱ्यातच थबकली. दारात मोडक्या टोपल्यांचा डोंगर! खिडकीसमोर लाकडं रचलेली, म्हणून आत काळोख. भिंतींवर धुराची काजळी. दार तर केवढं करकरत होतं! रोजच्या डोळ्यांना हे कधी दिसलंच नव्हतं.

मग तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. लाकडं मागच्या बाजूला नेली, तेव्हा खिडकीतून ऊन उडी मारून आत आलं. बिजागऱ्यांना तेल लावलं. शेणानं अंगण सारवलं, त्यावर पांढऱ्याशुभ्र रांगोळीचे ठिपके दिले. केरबांनी बसल्या बसल्या खिडकीचा मोडका गज बदलला. मग बकुळ चुन्याची बादली घेऊन आतल्या भिंतीपाशी गेली. तिथं तिनं लहानपणी कोळशानं काढलेले हत्ती होते. एक बाबा-हत्ती, एक बकुळ-हत्ती.

तिचा हात थांबला. "बाबा, हेही पुसायचे?"

"पुसायला हवेत गं," केरबा म्हणाले. "इथं येणाऱ्यांना हे घर त्यांचं वाटायला हवं. आपले हत्ती आपल्याबरोबर येतील."

बकुळनं हत्तींचा पापा घेतला आणि हळुवारपणे चुना लावला. संध्याकाळी ते घर मोगऱ्याच्या कळीसारखं टवटवीत दिसत होतं.

घर उजळल्याची बातमी ऐकून भुजंगराव पुन्हा आले. या वेळी ते दारातच म्हणाले, "वा! टुमदार आहे की! गाय देतो आणि वासरूही देतो. झालं?"

केरबांचा चेहरा उजळला. पण बकुळची नजर आतल्या कोपऱ्याकडे गेली. तिथं पावसात छप्पर गळायचं. आता नव्या चुन्याखाली डागसुद्धा दिसत नव्हता. तिनं बाबांकडे पाहिलं. केरबांनी हलकेच होकाराची मान हलवली.

"काका," बकुळ म्हणाली, "त्या कोपऱ्यात पाणी गळतं. छपराचं पाणी वाहून नेणारी पन्हाळी तिथं तुटलीय. तुम्हाला आधीच सांगते."

"गळतं?" भुजंगराव ओरडले. "मग एक पोतं तांदूळ! दाणाभरही जास्त नाही!"

"एका कोपऱ्यापायी सगळं घर मातीमोल होत नाही, मालक," केरबा शांतपणे म्हणाले. "पन्हाळीच्या दुरुस्तीचं काय ते कमी करू. पण तांदळाच्या पोत्याला घर देणार नाही."

पालखी तरातरा निघून गेली. केरबा खोकत खाली बसले. डोंगरामागं काळे ढग जमू लागले होते. बकुळनं त्यांची पाठ चोळत विचारलं, "बाबा, मी चुकले का?"

"नाही गं, बाळ. तुझ्या जागी मी असतो तरी हेच सांगितलं असतं."

अंगणाच्या कडेला एक बाई उभी होती. तिच्या कडेवर गोबरं बाळ होतं आणि तळव्यांना माती लागलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी मंजुळा," ती म्हणाली. "मी आणि माझा घरधनी मडकी घडवतो. आम्ही समुद्राकाठचे. पण तिथं नुसती वाळू! वाळूची कुठं मडकी होतात? तुमच्या डोंगराची चिकणमाती हवी म्हणून घर शोधत आलो."

"या ना आक्का, आत या," बकुळ म्हणाली. "पण तो कोपरा..."

"ऐकलं गं मी ते," मंजुळाआक्का हसली. "जी मुलगी आपल्या घराचं गळणंसुद्धा सांगते, तिच्या बाकीच्या सांगण्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. आमचंही घर आहे बघा समुद्राकाठी, नारळांच्या सावलीत, एवढंच मोठं. तिथं कोळणींना मासळीच्या टोपल्या रोज लागतात. आमचं घर तुम्ही घ्या, तुमचं आम्हाला द्या. पण आधी येऊन नीट बघा हं. दाराला वाळवी लागलीय, आत्ताच सांगते!"

केरबा बैलगाडीनं जाऊन ते घर पाहून आले. परतले तेव्हा त्यांच्या केसांना खाऱ्या वाऱ्याचा वास होता. "बकुळे," ते म्हणाले, "तिथं मी रात्रभर झोपलो. एकदाही खोकलो नाही!"

पंचांसमोर दोन्ही घरांची अदलाबदल झाली. निघायच्या सकाळी बकुळ उंबराखाली गेली.

"एक इच्छा उरलीय," परी म्हणाली. "नव्या घराला शिंपल्यांच्या भिंती देऊ? मोत्यांची खिडकी?"

बकुळनं डोळे मिटून क्षणभर ती खिडकी पाहिली. फार सुंदर होती. मग ती म्हणाली, "आमच्या जुन्या घराचा तो कोपरा गळायचा थांबू दे. आक्काचं बाळ तिथंच झोपणार आहे."

"ते घर तर आता तुझं नाही."

"म्हणूनच तर. आता यात काही लपवणं नाही ना?"

 परीचे पंख इतके उजळले की रानातली पानं सोन्याची झाली. "पन्हाळी आण, शिडी आण," ती म्हणाली, "आणि बाबांना हाक मार."

बापलेकीनं मिळून पन्हाळी बसवली. शेवटची गाठ बकुळनं मारली आणि परीनं त्या गाठीवर ओठ टेकले. मोतिया प्रकाशाची एक लाट कौलाकौलावरून झुळझुळत गेली. त्या प्रकाशात परी आधी पाकळीएवढी झाली, मग ठिणगीएवढी, आणि मग नुसता उजेडच उरला.

टपटप टपटप थेंब पडू लागले. आत त्याच कोपऱ्यात गोबरं बाळ गाढ झोपलं होतं, अगदी कोरडं. बकुळनं त्याच्या इवल्या मुठीला बोट लावलं, मंजुळाआक्काच्या हातात घराची किल्ली दिली आणि ती पळत जाऊन गाडीत बाबांच्या कुशीत बसली.