बाहेर म्हणजे कुठे?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या पणज्यांच्या पणज्याही तेव्हा जन्मल्या नव्हत्या. एका तटबंदीच्या नगरात रायाजी नावाचा कोतवाल होता. नगर लखलखीत ठेवायचं, हा त्याचा ध्यास. त्याचा हुकूम सोपा होता : "केर बाहेर टाका!" मग काय, भाजीची देठं, खरकटं, चिंध्या, फुटकी भांडी, सगळं एकाच गाडीत कोंबायचं आणि तटापलीकडे ओतायचं. राजा खूश, कोतवालाची मान ताठ.

दिवाळीला त्याची लेक चिमा माहेरी आली. तिला तटाखालच्याच वाडीत दिलं होतं. लक्ष्मीपूजनाला आईनं नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिलं आणि चिमाला रडूच फुटलं.

"अगं, सणासुदीला रडतेस काय?" रायाजीनं विचारलं.

"बाबा, केरसुणीला लक्ष्मी म्हणता आणि तिनं गोळा केलेलं आमच्या विहिरीशी ओतता! पाणी नासलंय. घरदार सोडून जायचं म्हणतेय सगळी वाडी. तुमचं 'बाहेर' म्हणजे माझं अंगण हो!"

रायाजीनं हातातला लाडू ताटात ठेवला. स्वतःचीच लाज वाटली त्याला. दुसऱ्या दिवशी त्यानं केराच्या गाड्या वेशीवर अडवल्या.

लोक खवळले. "मग केर काय डोक्यावर घेऊन नाचायचा?"

"परसात खड्डा खणा, खत करा," रायाजी म्हणाला आणि आधी स्वतःच्याच परसात खणला. पण गडी घाईचा! घरातलं सगळं त्यानं एकदम आत लोटलं. चार दिवसांत अशी दुर्गंधी सुटली, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. ढवळायला गेला, तर फुटक्या बरणीनं हात कापला.

बायको हसली. "अहो कोतवाल, तांदळातले खडे शिजवण्याआधी निवडायचे, की शिजल्यावर?"

रायाजीनं कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून देठं-सालं नि खरकटं खड्ड्यात, वर माती नि पाचोळा. चिंध्या गोधडीला, मोडकी भांडी तांबटाकडे, खापऱ्या घरांच्या पायाच्या भरावाला. कोतवालच केर निवडतोय म्हटल्यावर लोक आधी हसले, मग निवडू लागले. पाऊस सरेपर्यंत खड्ड्यांतून काळंभोर खत निघालं आणि माळी दारोदार ते मागत फिरू लागले. गाड्यांना न्यायला केर उरला तो मूठभरच.

तटाखालचा जुना ढीगही रायाजीनं स्वतः हाती फावडं घेऊन हलवला नि तसाच निवडून मार्गी लावला. विहीर उपसली, गाळ काढला, स्वच्छ झरे लागले.

वाडी उठली नाही. पुढच्या वर्षी चिमाच्या मुलाचं बारसं तिथेच झालं आणि अख्खं नगर त्याच विहिरीचं पाणी पिऊन, पोटभर जेवून घरी गेलं.

तात्पर्य : टाकलेला केर नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारी जातो.