गोधडीवरचा लॅपटॉप

एकदा एका वृद्ध गुरुजींविषयी आमच्या गल्लीत कुजबुज उठली. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. पलीकडे बेबीताई कुणाला तरी सांगत होत्या, "म्हातारा मुद्दाम त्या मुग्धाचा लॅपटॉप मंद करतोय, म्हणजे पोरगी..." तेवढ्यात त्यांचा कुकर शिट्ट्या द्यायला लागला आणि त्या आत पळाल्या.

मला कुठला धीर! वाटीभर चटणी घेतली नि गुरुजींचं दार गाठलं.

मुग्धा त्यांची संगणकाची शिष्या. तिचे वडील गेले, त्यांचा जुना लॅपटॉप तेवढा मागे राहिला. त्यावर घराचं एक चित्र करून संध्याकाळपर्यंत पाठवलं, तर तिला पुण्यात नोकरी मिळणार होती. पण यंत्र मध्येच बंद पडे. म्हणून, बंद पडायच्या आत काम उरकावं यासाठी, प्रोसेसरचा वेग ठरल्याहून वाढवून द्या, असा तिचा हट्ट. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. गुरुजींनी उलट होता तो वेगही उतरवला.

"सर, मी रिक्षा मागितली, तुम्ही बैलगाडी जुंपलीत!"

"चालव तर खरी."

थोड्या वेळाने लॅपटॉप तापला आणि पुन्हा बंद. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी मात्र माझ्याकडे वळले. "वहिनी, आलाच आहात तर तुमची पोळ्या गार करायची जाळी आणा."

मी जाळी घेऊन आले, तोवर त्यांनी लॅपटॉप उचलून उघडला होता. त्याच्याखाली घडी घातलेली मऊ गोधडी. बाबांच्या वस्तूला ओरखडा नको, म्हणून मुग्धा तो कायम तिच्यावरच ठेवी. आतला पंखा गोधडीच्या तंतूंनी गच्च भरला होता.

पंखा साफ करत गुरुजी म्हणाले, "संथ चालूनही तापला, तेव्हा कळलं, दोष वेगाचा नाही. बाळ, तू मायेनं बिछाना दिलास, पण याची श्वासाची वाट बुजली. गरम पोळीलासुद्धा खालून वारा लागतो. आधी उष्णतेला वाट द्यावी, मग वेग मागावा, तोही बेतानं."

लॅपटॉप जाळीवर बसला. गुरुजींनी वेग थोडा चढवला, हात लावून पाहिला, आणखी थोडा चढवला. पंखा निर्वेध फिरू लागला. उन्हं कलायच्या आत चित्र पूर्ण झालं, गेलंही.

गुरुजींनी गोधडी झटकून मुग्धाच्या खांद्यावर टाकली. "ही आता तू पांघर. डोळे बघ किती शिणलेत, जरा पड."

बेबीताईंनी मला दारातच गाठलं. "मग? मंद केला ना त्यांनी?"

"केला. अगदी मुद्दाम."

"आणि पोरगी गाव सोडून जाऊ नये म्हणूनच ना?"

"छे! तिला पुण्याची गाडी कधी आहे, तेच विचारत बसलेत."

जाळी अजून त्या लॅपटॉपखालीच आहे. मी मागितली नाही.